चाळीस खाटा आणि एकच आकडा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षांचा हंगाम आला की दैनिकांतून कॉपीच्या, तोतया परीक्षार्थींच्या आणि फुटलेल्या प्रश्नपत्रिकांच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्यांत एखादे महाविद्यालय वैद्यकीय, दंत किंवा परिचर्येचे, म्हणजे नर्सिंगचे, असले की ‘उद्या हेच आपल्यावर उपचार करणार’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वाक्यात चूक काही नाही. मात्र परिचर्या शिक्षणात तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यनिर्देशिका म्हणून, म्हणजे मुलींच्या भाषेत ‘ट्यूटर मॅडम’ म्हणून, काढल्यावर माझी खात्री झाली आहे की आरोग्यशास्त्राचे विद्यार्थी खोटे लिहायला परीक्षागृहात शिकत नाहीत. ते वॉर्डात शिकतात, भर दिवसा शिकतात, आणि बऱ्याचदा त्या खोट्याखाली आमच्यासारख्या शिक्षकांची सही असते. परीक्षेतील गैरप्रकारांवर पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी या दुसऱ्या गोष्टीविषयी लिहीत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या यजमानांना न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस त्यांना शहरातील एका शिकवणाऱ्या रुग्णालयात ठेवावे लागले. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण उपचार चांगले झाले आणि जे सांगणार आहे ते त्याच एका इमारतीत घडते असा कोणाचा समज व्हायला नको. मेडिसीनचा पुरुषांचा वॉर्ड, ४० खाटांचा. नवतपा लागायचा होता, तरी दिवसभर तापलेले छत रात्री दहापर्यंत आग ओकत असे आणि कूलरच्या घरघरीत शेजारच्याचे बोलणेही धड ऐकू येत नसे. आमच्या उजव्या हाताच्या खाटेवर गडचिरोलीकडचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण, हातापायांच्या असह्य दुखण्यासाठी आणलेला. पूर्व विदर्भात काम केलेल्या कोणालाही हे दुखणे नवे नाही. त्याची आई दोन खाटांच्या मध्ये जुने वर्तमानपत्र पसरून बसलेली असे, आणि मी निवृत्त सिस्टर आहे हे कळल्यापासून प्रत्येक गोळी आधी मला दाखवून मगच मुलाला देई.

संध्याकाळी सहाला दोन विद्यार्थिनी टीपीआर घ्यायला आल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, टीपीआर म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद. ती प्रत्येक पाळीत प्रत्येक खाटेची होते आणि डॉक्टर राऊंडला आले की पहिली नजर त्या तक्त्यावर टाकतात. थर्मामीटर काखेत जात होता, मनगटाला बोटे लागत होती, श्वास मात्र कोणीच मोजत नव्हते. एक मुलगी एका म्हाताऱ्या रुग्णापाशी जरा रेंगाळली, त्याच्या छातीकडे पाहू लागली, तशी रजिस्टर धरलेली दुसरी म्हणाली, ‘‘काहून मोजत बसली? अठरा लिही ना.’’ चाळीसही खाटांच्या वाट्याला अठराच आले. माझ्या यजमानांच्याही, ज्यांना त्या दिवशी चार शब्द बोलले तरी धाप लागत होती.

रात्री साडेनऊच्या सुमारास, केवळ जुन्या सवयीने, मी शेजारच्या मुलाचे श्वास भिंतीवरच्या घड्याळावर मोजले. ३२ भरले. आपलेच चुकले असेल म्हणून पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजले, तर ३४. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ पडलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि वाढलेला श्वास ही लक्षणे एकत्र दिसू लागली की फुप्फुसावर संकट आल्याची शंका घ्यावी लागते, आणि या रोगात माणसे दगावण्याच्या प्रमुख कारणांपैकी ते एक आहे. तक्त्यावर सकाळी १८, दुपारी १८, संध्याकाळी १८. मी निवासी डॉक्टरांना गाठले. बाईमाणूस नातेवाईक म्हणून आली आणि आपल्याला शिकवू लागली असे त्या तरुण डॉक्टरने मनातही आणले नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. त्याने स्वतः श्वास मोजले, बोटाला ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन सुरू केला, छातीचा एक्स-रे काढायला पाठवले आणि मध्यरात्रीच्या आत मुलगा अतिदक्षता विभागात गेला. तो पुढे बरा होऊन घरी गेला. माझ्यामुळे वाचला असे मला म्हणायचे नाही, रात्रीच्या राऊंडला ते कोणाच्याही लक्षात आले असते. पण मधले तास तक्ता खोटे बोलत होता आणि सगळा वॉर्ड त्याच्यावर विश्वास ठेवून होता.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींपैकी रेंगाळणारी मुलगी एकटी भेटली. दुसऱ्या वर्षाला होती. आधी मला ‘काकू’ म्हणत होती, मी काय काम करत होते ते सांगितल्यावर लगेच ‘मॅडम’ झाली आणि ओढणी सावरून उभी राहिली. रागावायचे नाही असे मी ठरवले होते. तिने जे सांगितले ते शब्दशः देते: ‘‘मॅडम, चाळीस पेशंट असतात आणि आम्ही दोघीच असतो. मोजत बसलो तर रजिस्टर अर्धं राहते. अर्धं राहिलं की इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर उभं करतात. अठरा लिहिलं तर कोणीच काही म्हणत नाही.’’

मी घरी येऊन हिशेब केला. नाडीला एक मिनिट, श्वासाला एक मिनिट, थर्मामीटर लावणे, वाचणे, पुसणे आणि लिहिणे मिळून आणखी दोन. एका खाटेला चार मिनिटे धरली तर ४० खाटांना १६० मिनिटे, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे होतात. दोघींनी दोन टोकांपासून सुरुवात केली तरी एक तास वीस मिनिटे लागतील, आणि वॉर्डात थर्मामीटर एकच असल्यामुळे दोन टोकांपासून सुरुवात करता येत नाही. त्यांना मिळतो तो जेमतेम पाऊण तास, कारण त्यानंतर औषधांची वेळ होते. जे काम दिलेल्या वेळात होऊच शकत नाही ते रोज पूर्ण झालेले दिसते, आणि हे इनचार्ज सिस्टरला, मेट्रनला, ट्यूटरला आणि डॉक्टरांना, म्हणजे ज्यांनी ज्यांनी एकदा तरी हाताने श्वास मोजले आहेत त्या सर्वांना, ठाऊक असते. रिकामा रकाना दिसला की शिक्षा होते, खोटा आकडा दिसला तर होत नाही. विद्यार्थी मूर्ख नसतात. दोन महिन्यांत त्यांना हा नियम पाठ होतो. मी हे न्यायाधीशाच्या खुर्चीतून लिहीत नाही. अपुरी रजिस्टरे मुलींसमोर टेबलावर आपटणाऱ्यांत मीही होते.

विषय निघालाच आहे म्हणून आमच्या विद्येतील एक गंमत सांगते. श्वास मोजत आहोत हे रुग्णाला कळले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून आम्ही शिकवतो की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नये, नाडीच धरल्याचे सोंग करावे आणि नजर छातीवर ठेवावी. या व्यवसायात मी मुलींना शिकवलेले हे एकच सोंग.

आकडे मनाने लिहिले की कळतात कसे, असे तरुण शिक्षक मला विचारत. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या, पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या रेघा असत. त्यामुळे त्यावर वाचलेला आकडा समच यायला हवा. एखादीच्या वहीत ११७/७३ अशी नोंद दिसली की मी म्हणत असे, ‘बाई, हे यंत्र कुठल्या वॉर्डात आहे ते मलाही दाखव.’ बहुतेक मुली एवढ्या कल्पक नसत, त्या सरसकट १२०/८० लिहीत. आता डिजिटल यंत्रे आली, त्यांवर विषम आकडेही येतात, आणि पकडण्याची ही एक जुनी खूण गेली. सांगायचे एवढेच, की सबंध महिन्याच्या तक्त्यात सगळ्यांचा श्वास १८ किंवा २० आणि सगळ्यांचा रक्तदाब शून्यावर संपणारा असेल, तर तो तक्ता रुग्णांविषयी काही सांगत नाही, लिहिणाऱ्यांच्या घाईविषयी सांगतो. हे ओळखायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

आता प्रोसिजर बुकाकडे वळते, कारण खरी गाठ तिथे आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनीने कोणती कामे किती वेळा करायची हे ठरलेले असते आणि प्रत्येक कामापुढे रुग्णाचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि शिक्षिकेची सही लागते. मी शिकवत होते तेव्हा प्रत्येकीने २० नैसर्गिक बाळंतपणे स्वतः करायची असा दंडक होता. ६० मुलींचा वर्ग धरला तर १२०० बाळंतपणे झाली. त्याच प्रसूतिगृहात आणखी एका-दोन महाविद्यालयांच्या मुली येणार, वैद्यकीय महाविद्यालयाचे इंटर्न येणार, त्यांचीही लॉगबुके भरायची असणार. एवढी बाळे त्या इमारतीत जन्मतच नाहीत. मग एका बाईचे एक बाळंतपण पाच मुलींच्या पुस्तकांत जाते. जिने डोके धरले तिच्या, जिने नाळ कापली तिच्या, जिने बाळ पुसले तिच्या, जी दाराशी उभी होती तिच्या आणि जी त्या दिवशी काटोलला मावशीच्या लग्नाला गेली होती तिच्याही. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहात नोंदणी क्रमांकांची देवाणघेवाण होते आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोन तासांत तीनशे सह्या करतो. माझ्या सहीची शेवटची वेलांटी त्या दिवसांत कधी नीट आलीच नाही.

हे लिहिताना मला कोणा एका संस्थेला दोष द्यायचा नाही. हा दोष हिशेबाचा आहे. जागा वाढवताना खाटांचा आकडा कागदावर पाहिला जातो, त्या खाटांवर शिकण्याजोगे किती रुग्ण खरोखर येतात आणि एका रुग्णावर किती विद्यार्थी शिकू शकतात हे पाहिले जात नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा आहे की परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती हवी आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात १०० टक्के उपस्थिती भरून निघायला हवी. नियम उत्तम आहे. पण वॉर्डात असणे आणि वॉर्डात काम मिळणे यांत फरक आहे, आणि जिथे काम मिळत नाही तिथे उपस्थितीही हळूहळू मैत्रिणीच्या पेनाने लागू लागते.

डॉक्टरांच्या शिक्षणातही चित्र वेगळे नाही, नावे तेवढी वेगळी. २०१९ पासून एम.बी.बी.एस.ला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्यासोबत लॉगबुक आले आणि वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचा स्वतंत्र पाठ आला, ज्याला मुले ‘एटकॉम’ म्हणतात. या पाठात विद्यार्थ्याने रुग्णाशी झालेल्या प्रसंगावर चिंतन लिहून द्यायचे असते. कल्पना इतकी चांगली आहे की आमच्या वेळी असती तर मी आनंदाने शिकवली असती. माझा एक भाचा सध्या विदर्भातल्याच एका महाविद्यालयात शिकतो. त्याने मला मोबाईलवर दाखवले की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या तुकडीची चिंतने फिरत असतात, आणि ज्यांना तेवढेही शोधायचा कंटाळा येतो ते चॅटजीपीटीकडून लिहवून घेतात. ‘त्या रुग्णाच्या डोळ्यांतील अश्रूंनी मला अंतर्मुख केले’ हे वाक्य त्याने मला तीन जणांच्या वहीत दाखवले. रुग्णाशी प्रामाणिक कसे राहावे यावरचे मनोगत उसने आणावे लागते, यावर हसावे की काय करावे हे मला कळले नाही. भाच्याने स्वतःचे चिंतन स्वतः लिहिले होते, तेही दीड ओळीचे: ‘पेशंटला मराठी येत नव्हती, मला गोंडी येत नव्हती, आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.’ त्याला ‘अपुरे’ असा शेरा मिळाला. माझ्या मते वर्गातले ते एकच खरे चिंतन होते.

पदव्युत्तर प्रबंधांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो माझा प्रांत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली मात्र मी वाचली आहे. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष थांबावे लागते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. नियम कडक आहे आणि असावाही. पण साम्य मोजणारे संगणकाचे यंत्र दुसऱ्याची चोरलेली वाक्ये पकडते. जे ५० रुग्ण कधी तपासलेच नाहीत त्यांचे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने लिहिले असतील, तर साम्य शून्य टक्के येईल आणि प्रमाणपत्र स्वच्छ मिळेल.

कायद्यांचेही तसेच. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी आपल्या राज्यात १९८२ पासून कायदा आहे. नीटच्या गोंधळाच्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, केंद्राचाही कायदा लागू झाला, ज्यात संघटितपणे पेपर फोडणाऱ्यांना पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाची २००२ ची नियमावली रुग्णाचे गुपित फोडू नये, ओळख पटेल असे त्याचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये, दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत असे सारे सांगते, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होते. इंटर्नला तात्पुरती नोंदणी मिळेपर्यंतच्या साडेचार वर्षांत विद्यार्थी रुग्णाला रोज हात लावतो, त्याचे घरगुती दुःख ऐकतो, त्याची केस लिहितो, आणि त्याच्यावर बंधन काय ते महाविद्यालयाच्या शिस्तीचे. २०२२ पासून प्रवेशाच्या वेळी चरक शपथ देण्याची शिफारस आहे. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये ही शिकवण त्या परंपरेत जुनीच आहे. शपथ पांढऱ्या कोटात, फुले वाहून, छायाचित्र काढून होते. त्याच कोटातल्या मुलांनी वॉर्डातून काढलेल्या रीळमध्ये मागे कोणाची तरी उघडी पाठ दिसत असते.

आणि मोठ्यांचे काय? तपासणी पथक यायच्या दिवशी काही ठिकाणी एरवी न दिसणारे अध्यापक दिसतात आणि एरवी रिकाम्या खाटांवर धडधाकट माणसे झोपलेली असतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने देशातील काही वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतील लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदवला, त्यात नेमके हेच आरोप आहेत: केवळ तपासणीपुरते अध्यापक आणि खोटे रुग्ण. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण त्याच वर्षी अध्यापकांची हजेरी बोटाच्या ठशाऐवजी चेहऱ्यावरून घेण्याची पाळी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगावर आली, हे पुरेसे बोलके आहे. ज्या खाटेवर काल खोटा रुग्ण झोपला होता तिच्यापाशी उभे राहून आज ‘श्वास पूर्ण मिनिटभर मोजा’ म्हणून सांगणाऱ्या शिक्षकाचे मुले ऐकतील कशाला?

माझ्या स्वतःच्या खात्यावर एक प्रसंग आहे, जो मी कधी कुठे लिहिला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. स्त्रियांच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या. एक मधुमेहाची, दुसरी नाही. संध्याकाळच्या पाळीतील तिसऱ्या वर्षाच्या मुलीने जेवणाआधीचे इन्सुलिन दुसरीला दिले. ट्रीटमेंट शीटवर सही करताना तिच्या लक्षात आले. सिरिंज टाकून दिली असती तर कोणाला कळले नसते, रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडली असती तेव्हा कारण शोधत बसावे लागले असते. ती मुलगी धावत सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, ‘‘माझ्या हातून चुकीच्या पेशंटला इन्सुलिन गेलं.’’ लगेच साखर तपासली, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचे सलाईन सुरू केले, रात्रभर तासातासाला तपासणी झाली आणि सकाळी ती बाई चहा-पोळी खात होती. चुकल्यावर जे जे करायचे ते सारे त्या एकवीस वर्षांच्या मुलीने केले होते.

आम्ही काय केले? चौकशी समिती नेमली. भंडाऱ्याहून तिच्या वडिलांना बोलावून घेतले, त्यांना कार्यालयाबाहेर दोन तास बाकावर बसवले, तिला चार आठवड्यांची जादा ड्यूटी दिली आणि तिच्या कागदपत्रांत लेखी ताकीद लावली. त्या ताकिदीवर माझी सही आहे. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलीने मूत्रपिंडाच्या रुग्णाचा पाणी-लघवीचा तक्ता तीन दिवस न मोजता भरला होता. तो सुबक होता, म्हणून तिला आम्ही काहीच म्हटले नाही. खरे सांगणारीचे काय झाले हे सबंध वर्गाने पाहिले. त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात त्या वर्गाकडून एकही चूक आमच्यापर्यंत आली नाही. पन्नासेक मुली इतका काळ एकदाही चुकल्या नाहीत यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही.

म्हणून आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर विभागीय केंद्राला, परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळाला आणि आपल्या शहरातील प्राचार्यांना माझे सांगणे थोडके आहे. विद्यार्थ्याला ‘घेतले नाही’ असे लिहिण्याची मुभा द्या. कारण लिहू द्या, खाली सही करू द्या, आणि ती नोंद पूर्ण नोंद म्हणून स्वीकारा. चुकलेला आकडा खोडायचा तर एक रेघ मारून, खालचे वाचता येईल असा, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवा. व्हाइटनरची बाटली वॉर्डात दिसताच कामा नये. सरावाच्या पुतळ्यावर केलेले काम पुतळ्यावर केले म्हणूनच पुस्तकात जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. जेवढी बाळंतपणे खरोखर होतात तेवढ्यांनाच मुलींच्या संख्येने भागा, आणि येणारे उत्तर लाजिरवाणे असेल तर ते परिषदेला तसेच कळवा. शिक्षकाने डोळ्यांदेखत झालेल्या कामावरच, त्याच दिवशी, वेळ टाकून सही करावी. यातून सबमिशनच्या आदल्या रात्रीचा बाजार आपोआप बसेल. आणि ज्या चुकीची कबुली करणाऱ्याने स्वतः, वेळेत दिली ती शिस्तभंगाच्या फायलीत जाऊ नये. तिची वेगळी वही असावी, त्या वहीत नाव नसले तरी चालेल, पण एकाच आडनावाच्या दोन रुग्णांना शेजारच्या खाटा दिल्या होत्या हे त्यात असावे. ज्यांनी खोटे लिहिले, कबूल केले नाही आणि रुग्णाला अपाय झाला, त्यांना जरूर शिक्षा करा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात मवाळपणा नाही.

हे चालते का, असा प्रश्न येईल. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षात, एका समंजस इनचार्ज सिस्टरच्या संमतीने, मी एका वॉर्डापुरते करून पाहिले होते. मुलींना सांगितले की जे मोजाल तेच लिहा, जे राहील तिथे ‘न. घे.’ लिहा, कोणी उभे करणार नाही. पहिल्या संध्याकाळी ४० पैकी २३ खाटांपुढे ‘न. घे.’ आले. रजिस्टर पाहून एक वरिष्ठ डॉक्टर भडकले, मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतले, आणि मी ते रजिस्टर तसेच त्यांच्यासमोर ठेवले. त्या बराच वेळ पाने उलटत राहिल्या. आठवडाभरात त्या वॉर्डाला संध्याकाळच्या पाळीत आणखी दोन मुली मिळाल्या आणि भांडारातून तीन थर्मामीटर आले, जे मी त्याआधी दोन वर्षे लेखी मागत होते. त्यानंतर श्वासाच्या रकान्यात १६, २२, १४, २०, २६ असे वेडेवाकडे आकडे दिसू लागले, आणि ज्या खाटेपुढे २६ असे तिथे डॉक्टर आधी थांबू लागले.

मी निवृत्त झाले, त्या सिस्टरची बदली झाली, आणि पुढच्या जूनमध्ये नव्या तुकडीसोबत ते रजिस्टर पुन्हा पूर्ण भरू लागले असे ऐकते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका
मानेवाडा, नागपूर